कडेला ठेवलेला ढग

एकदा एक धाकटा भाऊ थोरल्याची दुर्बीण खांद्यावर घेऊन पठार चढत होता.

दुर्बीण दिसायला काही विशेष नव्हती. पाण्याच्या मोठ्या लाइनीला वापरतात तसला जाड पांढरा नळ, त्याच्या तळाशी हाताने घासलेला काचेचा गोल आरसा, तोंडाजवळ बाजूला डोळा लावायची छोटी नळी, आणि हे सगळे ज्यावर फिरते ते फळ्यांचे बूड. थोरल्याने ती आपल्या हातांनी जोडली होती. बूड धाकट्याने पाठीला बांधले होते आणि नळ खांद्यावर घेतला होता. वाटेत शेळ्या राखणारा एक जण हसून म्हणाला, "काय पाव्हणं, पठारावर तोफ डागताय का?"

एरवी धाकट्याने त्याला चांगले सुनावले असते. तो तापट होता, शाळेत फारसा टिकला नव्हता, आणि जिभेवर आलेले गिळणे त्याला कधी जमले नव्हते. पण आज तो काही बोलला नाही. परतीच्या पावसात याच खांद्यावरून त्याने थोरल्याला नेले होते. तेव्हापासून खांद्यावर ओझे आले की त्याची वाचा बसत असे.

थोरला वायरमन होता. वादळात तारा तुटल्या म्हणून तो खांबावर चढला, आणि स्वतःच्या पायांनी खाली उतरला नाही. घरात दोनच माणसे उरली, धाकटा आणि थोरल्याची बायको. दोघे एका छताखाली राहत, पण एकमेकांकडे पाहणे टाळत. पाहिले की दोघांनाही तिसराच आठवे.

थोरला होता तेव्हा वीज गेली की सारे गाव त्याच्या नावाने बोटे मोडी. तो मात्र काम उरकून आला आणि तरीही अंधार असला, की दुर्बीण अंगणात मांडी. बायको आतून म्हणे, "लोकांच्या घरात काळोख करून माझ्या सवतीला नटवताय होय?" तो हसून तिलाही हाक मारी. ती म्हणे, "तवा चुलीवर आहे. तुमचं चालू द्या." मग तो धाकट्याला हाक मारी, "धाकल्या, ये रे! ढग आलाय!"

हा ढग पावसाचा नव्हे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मृग नक्षत्र वर येते. त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सर्वांना ठाऊक असतो. त्या बाणाच्या खाली काही बारीक ठिपके आहेत, आणि त्यांतला एक नुसत्या डोळ्यांनाही धुरकट वाटतो. दुर्बिणीतून पाहिले की तो ठिपका ठिपका राहत नाही, पसरतो. जाणकार त्याला तेजोमेघ म्हणतात. थोरला ढग म्हणे.

धाकटा जाई, डोळा लावी, आणि दर वेळी एकच तक्रार करी. "दादा, कडेलाच आहे बघ! निम्मा तर बाहेर आहे. तुला कधी मधोमध लावता येणार रे?"

थोरला म्हणे, "थांब, येतंय."

आणि ते येई. कडेचा उजेड हळूहळू सरकत मध्यावर येई, क्षणभर पूर्ण दिसे, आणि दुसऱ्या कडेने निसटून जाई. धाकट्याची खात्री होती, की भावाचा हात वायरीला बसलेला आहे, दुर्बिणीला नाही. आकाशच दया येऊन त्याची चूक निस्तरते. हे तो चारचौघांत सांगेही. "आमच्या दादाला तारा सरळ लावता येत नाही," असे म्हणून तो हसे, आणि थोरलाही त्याच्याबरोबर हसे.

आता थोरला नव्हता आणि दुर्बीण अंगणाच्या कोपऱ्यात उभी होती. धाकट्याने एकदा ती एकट्याने लावून पाहिली. बाण सापडला, ठिपका सापडला, डोळा लावला तो समोर रिकामा काळोख. पुन्हा शोधला, क्षणभर दिसला आणि निसटला. पुन्हा शोधला, पुन्हा निसटला. त्याने रागाने नळाला लाथ घातली, आणि मग त्याच नळाला मिठी मारून बसला. दारातून वहिनींनी ते पाहिले.

सकाळी त्या म्हणाल्या, "भावजी, ती इथून घेऊन जा. विका, द्या, फेका, काहीही करा. मला ती येता-जाता दिसायला नको."

तालुक्याच्या गावी दुर्बिणी विकणारा एक व्यापारी होता. गोड बोलणारा, पण खोटे न बोलणारा. धाकटा त्याच्या दुकानात गेला तेव्हा व्यापाऱ्याने त्याच्यासमोर एक लहानसे यंत्र ठेवले. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडे मोठे, तिपाईवर बसवलेले.

"हा स्मार्ट टेलिस्कोप. डोळा लावायची भानगडच नाही. मोबाइलवर नुसतं नाव सांगा, आपणच वळतो, आपणच शोधतो. आणि भाऊ, खरी गंमत पुढंच आहे. एकदा धरलं ना, की सोडत नाही."

"सोडत नाही म्हणजे?"

"म्हणजे निसटू देत नाही. आकाश सरकलं की हाही सरकतो. तुम्ही जेवून या, झोपून या, तारा तिथल्या तिथं."

त्या एका शब्दावर धाकट्याचा निर्णय झाला. निसटणारे काही आता त्याला नको होते. व्यापाऱ्याकडे एक गिऱ्हाईक होते, ज्याला हाताने घासलेला मोठा आरसाच हवा होता. म्हणून तो अदलाबदलीला तयार झाला, पण एका अटीवर. "पठारावरच्या गुरुजींनी आरसा पाहून चांगला म्हटलं, की तुमची दुर्बीण माझी, माझं यंत्र तुमचं. उद्या मीही यंत्र घेऊन येतो. तिथं अंधारही आहे आणि गुरुजीही."

म्हणून धाकटा पठार चढत होता.

पठाराच्या टोकाला एक वृद्ध राहत. आयुष्यभर त्यांनी दुर्बिणींचे आरसे घासले होते आणि ज्याला शिकायचे त्याला शिकवले होते. आता त्यांच्या एका डोळ्याची ज्योत गेली होती. कोणी हळहळले की ते म्हणत, "दुर्बिणीला एकच लागतो. दुसरा देवाने उगाच दिला होता."

धाकटा पोहोचला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि व्यापारी आधीच येऊन कातळावर ऐसपैस बसला होता.

"गुरुजी, तुमच्याकडं सगळं मिळतं, फक्त चहा मिळत नाही," तो म्हणत होता.

"चहा मिळतो. साखर मागल्या खेपेला तुम्हीच संपवून गेलात," वृद्ध म्हणाले, आणि बिनसाखरेचा चहा तिघांसाठी ओतला. धाकट्याला त्यांनी फक्त एवढेच विचारले, "कोणाची रे ही?"

"भावाची."

"तो नाही आला?"

धाकट्याने मान खाली घातली. वृद्धांनी त्याच्या हातात कप दिला.

अंधार दाटला. मृग वर आला. व्यापाऱ्याने मोबाइलवर बोट ठेवले तसे यंत्र बारीक गुणगुणले, मान उंचावल्यासारखे वळले आणि थांबले. पडद्यावर आधी राखाडी कण दिसले. मग त्यांत आकार आला, मग रंग. गुलाबी, निळा, कडांना तांबूस, जणू एखाद्या मोठ्या पक्ष्याने पंख उघडले आहेत. धाकटा पाहतच राहिला. इतक्या थंडीत ज्या ढगासाठी दादा कुडकुडत उभा राही, तो असा होता? तो उठला, पठाराच्या कडेपर्यंत चालत गेला, मुद्दाम पाठ करून उभा राहिला, आणि परत आला. ढग तिथेच होता. जरासुद्धा हलला नव्हता.

"मला हेच पाहिजे," तो म्हणाला.

"यंत्र फार चांगलं आहे," वृद्ध म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "एवढे रंग माझ्या चांगल्या डोळ्यालाही कधी दिसले नाहीत. आता तुझा आरसा बघू."

त्यांनी नळात विजेरीचा उजेड टाकला, तोंड तिरके करून आरसा न्याहाळला. मग बुडावर हात फिरवला, नळावर हात फिरवला. नळाच्या तोंडापाशी एका जागी पांढरा रंग उडून गुळगुळीत झाला होता. तिथे त्यांचे बोट थबकले. त्यांनी स्वतःचे बोट तिथे टेकवून पाहिले. ते बरोबर बसले.

"आरसा नुसता बघून कळत नाही," ते म्हणाले. "त्यातून बघावं लागतं."

दुर्बीण मांडली गेली. वृद्धांनी नळाच्या पाठीवरून नजर टाकली, नळ थोडा उचलला, थोडा फिरवला आणि डोळा लावला. बराच वेळ ते वाकून उभे होते. "आला," ते पुटपुटले. "अगदी मधोमध. वा! जोडणाऱ्याने मन लावून जोडली आहे."

आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. डोळा काढण्यापूर्वी त्यांनी त्या गुळगुळीत जागी बोट ठेवले आणि मधोमध लागलेली दुर्बीण जाणूनबुजून ढकलली. मग सावकाश पाठ सरळ करून ते बाजूला झाले.

"ये. बघ."

धाकट्याने हे स्पष्ट पाहिले होते. त्याने कप खाली ठेवला, तो लवंडला, तो सरळ केला, पुढे आला, एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. समोर काळोख. फक्त एका कडेला पुसट उजेड.

त्याच्या मस्तकात काहीतरी तडकले. "कडेला आहे! अहो, लागलेलं होतं ते! तुम्हीच म्हणालात मधोमध आहे म्हणून, आणि तुम्हीच बिघडवलंत! त्यालाही कधी जमलं नाही आणि तुम्हालाही जमत नाही!"

व्यापाऱ्याने मध्यस्थी केली. "भाऊ, जरा सबुरीनं. गुरुजींचं वय झालं, हात थरथरतो. आमच्या यंत्राला ही कटकट नाही."

वृद्ध जागचे हलले नाहीत. ते म्हणाले, "थांब. येतंय."

धाकट्याचा डोळा नळीलाच राहिला. कडेचा उजेड आत सरकू लागला. त्याला रंग नव्हता. थंडीत माणूस बोलतो तेव्हा तोंडासमोर वाफ उमटते, तसा तो राखाडी होता. धाकट्याचा डोळा काळोखाला सरावला, पापणीची थरथर थांबली, आणि नेमका त्याच क्षणी ढग मधोमध आला. क्षणभर पूर्ण दिसला. मग दुसऱ्या कडेकडे निघाला.

तो गेल्यावरही धाकटा वाकूनच उभा होता. तसाच, डोळा न काढता, त्याने विचारले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"थांब, येतंय. तो हेच म्हणायचा. दर वेळी. तुम्ही त्याला ओळखत होता?"

"नाही रे बाळा. मी त्याला कधी पाहिलं नाही," वृद्ध म्हणाले, आणि कातळावर बसले. "पण तो काय करत होता ते मला ठाऊक आहे. पृथ्वी कोणासाठी थांबत नाही. मी ढग मधोमध ठेवून बाजूला झालो असतो, तर काय झालं असतं? मी पाठ सरळ करणार, तू उठणार, कप सांडणार, डोळा मिटणार. तोवर तो निघून गेला असता, आणि तू रिकामा काळोख पाहिला असतास. म्हणून आपलं बघून झालं, की पुढच्यासाठी तो कडेला ठेवायचा. ज्या बाजूनं आत येईल, त्या कडेला. मग येणाऱ्याचा डोळा पोहोचतो, तेव्हा तोही पोहोचतो. ही रीत मी कोणाला शिकवत नाही. ज्याला दुसऱ्याला दाखवायचं असतं, त्याच्या बोटाला ती आपोआप येते. एकट्याला बघायचं असेल, तर तिचं कामच पडत नाही."

कातळावरून वारा वाहत होता. व्यापाऱ्याने यंत्राचा आवाज बंद केला.

"एक सांग," वृद्ध म्हणाले. "तुझा भाऊ कितपत कडेला ठेवायचा?"

"अगदी कडेला. कधी कधी तर पार बाहेर. दिसायचाच नाही आधी."

"असं? म्हणजे तू फारच सावकाश जायचास."

व्यापारी खो-खो हसला. धाकटाही हसला. पण त्याचे हसणे मध्येच मोडले आणि तो नळाला धरून खाली बसला.

त्याला आठवत होते. दादा हाक मारी, आणि हा ताटातला शेवटचा घास संपवी. मग चपला शोधी. एक चप्पल कुत्र्याने नेलेली असे, मग कुत्र्याच्या मागे शिव्या देत धावे. पुन्हा हाक येई, हा म्हणे, "आलो, आलो. पळून चाललाय काय तुझा ढग?" आणि ढग खरेच पळून चाललेला असे. त्या सगळ्याचा, घासाचा, चपलांचा, कुत्र्याचा, शिव्यांचा अंदाज थोरल्याचे एक बोट अंधारात बांधत होते. ढग स्वतःच्या डोळ्यात सर्वांत सुंदर दिसत असताना थोरला दर वेळी तो ढकलून देत होता. धाकट्याने त्याला चूक म्हटले, आणि थोरल्याने एकदाही खरे सांगितले नाही.

"त्याने सांगितलं का नाही?" धाकटा ओरडला. कोणावर ओरडला, ते त्यालाही कळले नाही. "एकदा सांगायचं ना! मी गावभर हसत होतो त्याला!"

"सांगितलं असतं तर तू धावत आला असतास," वृद्ध म्हणाले. "त्याला बहुधा तुझी चालच आवडत असावी."

मग वृद्ध यंत्राकडे वळून म्हणाले, "या यंत्राला मी नावं ठेवणार नाही. खालच्या वाडीत एक बाई आहे. पाठीचा कणा मोडला, खाटेवरून उठता येत नाही. तिला मीच ते घ्यायला लावलं. पडल्या पडल्या आकाश बघते, आणि मला फोन करून सांगते काय बघितलं ते. तिच्यासाठी तेच योग्य. ते सोडत नाही, हा त्याचा गुणच आहे. पण तू ते केवळ त्या गुणासाठी घेतो आहेस. पोरा, ते ढग धरून ठेवील. तुला जे धरून ठेवायचं आहे, ते त्याला धरता यायचं नाही." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "आरसा कसा आहे, एवढंच मला विचारलं होतंस. आरसा चांगला आहे. बाकी तू आणि शेठ."

धाकट्याने डोळे पुसले. बराच वेळ तो त्या गुळगुळीत जागेवर अंगठा फिरवत राहिला.

"शेठ, नाही देत," तो म्हणाला.

"अहो भाऊ! मी गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"सांगा, दुर्बीण वापरात आहे."

व्यापाऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा वृद्धांकडे, आणि यंत्र पिशवीत भरले. उतरताना मात्र त्याने मोबाइलची बॅटरी लावून पायथ्यापर्यंत धाकट्याला उजेड धरला.

घराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी आधी खांद्यावरचा नळ पाहिला, मग त्याचे तोंड.

"परत आणलीत?"

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"नाही देववली, वहिनी."

त्या आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. धाकट्याच्या जिभेवर सगळे आले होते. दार वाजवावे, आत ओरडून सांगावे, की दादाला येत होते, आपल्यालाच कळले नाही. तुम्हालाही तो हाक मारायचा तेव्हा तुमच्यासाठीही ढग कडेला ठेवलेला असायचा, आणि तुम्ही तवा चुलीवर आहे म्हणायचात. त्याने हात उचललाही. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने जिभेवर आलेले गिळले आणि हात खाली घेतला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो दुर्बीण अंगणात मांडू लागला. आधी काही जमेना. ढग हाताला लागे आणि निसटे. पण आता त्याला त्याचा राग येत नसे. हळूहळू बोटाला नळाची सवय झाली, नळाला बोटाची. ढग मधोमध आला की तो थोडा वेळ पाही, मग बोटाने त्याला कडेला नेऊन ठेवी आणि बाजूला होऊन उभा राही.

कोणी येत नसे.

दार बंद असे. कोणीही न पाहता ढग एका कडेने आत येई, मधोमध जाई, आणि दुसऱ्या कडेने निघून जाई. धाकटा पुन्हा वाकून तो शोधी, पुन्हा कडेला ठेवी, पुन्हा बाजूला होई. कुंपणापलीकडून शेजारी म्हणाला, "कोणाला दाखवतोस रे? भुतांना?" धाकटा त्याच्याशी भांडला नाही.

दाखवणारा गेल्याचे दुःख त्याला ठाऊक होते. पाहणारा न येण्याचे दुःख असेही असते, हे त्याला त्या अंगणात उभे राहून कळले. दादाने किती संध्याकाळी ढग असा कडेला ठेवून हाका मारल्या असतील, आणि आपण नुसते "आलो, आलो" म्हटले असेल. कुत्र्याने चप्पल पळवल्याच्या निमित्ताने आपण परत आत जाऊन झोपलोही असू. दादाने कधी विचारले नाही, का आला नाहीस म्हणून. पुढच्या खेपेला तो पुन्हा हाक मारी.

धाकट्याने हाक मारली नाही. हाकेचा हक्क आपला नाही, असे त्याला वाटे. तो फक्त जागा करून उभा राही.

चैत्र लागला. मृग पश्चिमेला झुकला. आणखी थोड्या संध्याकाळी, मग तो सूर्याच्या उजेडात बुडणार, आणि पुढची थंडी येईपर्यंत दिसणार नव्हता.

अशाच एका संध्याकाळी वीज गेली. गावात नेहमीची ओरड झाली. कोणीतरी सवयीने थोरल्याचे नाव घेतले आणि लगेच गप्प झाले. अंगण अंधारून आले. धाकट्याने नळ उचलला, फिरवला, डोळा लावला. ढग त्याला चटकन सापडला. इतका स्वच्छ तो त्या वर्षी दिसलाच नव्हता.

तेवढ्यात आतून चुलीवरचा तवा खाली उतरवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग कडी निघाली.

धाकट्याने मान वळवली नाही. उंबऱ्यापाशी पावले वाजली, थांबली, पुन्हा वाजली. ढग मधोमध होता. त्याने त्या गुळगुळीत जागी बोट ठेवले आणि ढगाला हळूच कडेला नेले. पावले तुळशीपाशी आली आणि तिथे पुन्हा थांबली.

मग त्याने तो आणखी थोडा सरकवला.